सोलरचं पाणी सकाळी कोमटच यायलंय, वीसच्या वीस नळ्या बदलायच्या का?

सैफुलकर

नमस्कार मंडळी. आमच्या गच्चीवर दोनशे लिटरचं सोलर आहे, काचेच्या नळ्यांचं, वीस नळ्या, सहा-सात वर्षं झाली असतील बसवून. आतापर्यंत काही म्हणजे काही त्रास नव्हता, उलट पाणी एवढं कढत यायचं की आई पोरांना आधी बादलीत गार पाणी घ्यायला लावायची. या वर्षी दिवाळी झाली, जरा गारवा सुटला आणि बघतोय तर सकाळी पाणी कोमटच यायलंय. कोमट म्हणजे हुडहुडी भरत नाही एवढंच. आता सोलापूरची थंडी ती काय म्हणाल, पण पहाटे पंधरापर्यंत उतरायलंय आणि वडिलांची अंघोळ सहाला असते, त्यांचं रोज एकच, मग ते वर कशाला ठेवलंय, भंगारवाल्याला द्या.

एका फिटरला बोलावलं. तो खालून वर बघून म्हणाला सगळ्या नळ्या गेल्यात, वीसच्या वीस बदला, टाकी पण धुवून देतो. आकडा ऐकून मी म्हटलं सांगतो नंतर. ऊन तर आपल्याकडं कमी नाही, आभाळ स्वच्छ आहे. नळ्यांवर धूळ बरीच होती ती धुवून घेतली, एक दिवस फरक पडल्यासारखं वाटलं, परत तेच. पाणी बोअर आणि नळाचं मिक्स, नळ चार-पाच दिवसाआड, ते तुम्हाला माहितीच आहे. नळ्या अशा सगळ्या एकदम जातात का? गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, बहिणीकडची मंडळी येणार आहेत, त्याच्या आत काहीतरी करायचंय.

शेंगाचटणी

काढून टाक बे ते. गिझर लाव, बटण दाबलं की पाणी गरम, विषय संपला. आमच्याकडं पण होतं सोलर, आता त्याच्या स्टँडवर कपडे वाळत घालतो.

होटगीरोडवाली

@शेंगाचटणी बटण दाबायला काय लागतंय, बिल कोण भरणार? हिशोब करा, दोनशे लिटर पाणी पंचवीस डिग्रीवरून साठवर न्यायचं तर साधारण आठ युनिट लागतात, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. दोन किलोवॉटची कॉइल असेल तर चार तास चालवावी लागेल. एवढं पाणी रोज लागत नाही मान्य, पण सहा माणसांच्या घरात निम्मं तरी लागतंच. वर ऊन फुकट पडतंय ते सोडून हे कशाला.

सैफुलकर, एक सांगा, पाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत कोमटच येतं का? की आधी गार, मग गरम? की आधी गरम येतं आणि नंतर कोमट होतं? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. आमचा फ्लॅट टाकीपासून लांब आहे, पाऊण इंची पाईप पंधरा मीटर धरला तरी त्यात साडेचार-पाच लिटर पाणी रात्रभर गार होऊन पडलेलं असतं, ते निघून गेल्याशिवाय गरम येणारच नाही. पाईपला वरून फोमची नळी नसेल तर अजूनच. आमच्या शेजारच्या काकू दोन तांबे पाणी बघून नळ बंद करायच्या आणि सोलर बिघडलं म्हणायच्या.

सैफुलकर

@होटगीरोडवाली नाही ताई, ते आम्हाला माहितीय, पहिली अर्धी बादली गार येतेच ती झाडांना घालतो. त्यानंतर कोमट येतं आणि कोमटच राहतं. दुपारी तीन-चारला बघितलं तर जरा बरं असतं पण पूर्वीसारखं वाफाळतं नाही.

बॉयलर_काका

मालक, बोअरचं पाणी म्हणालात तिथंच निम्मं उत्तर आहे. मी टॉवेलच्या डाईंगमध्ये बॉयलरवर नोकरी केली, अक्कलकोट रोडला, त्यामुळं पाण्याचा जडपणा काय करतो ते जन्मभर बघितलंय. आपल्या भागात सगळा काळा खडक, बोअरचं पाणी जड असतंच. तापवलं की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि जिथं जास्त ताप तिथं बसतो. तुमच्या सोलरमध्ये जास्त ताप कुठं, तर नळ्यांत. काचेला तो फार घट्ट चिकटत नाही, खपल्या सुटतात आणि नळीच्या तळाला साचतात. जुनी नळी काढून उलटी केली तर खालून पांढरा भुसा पडतो, वीतभर सुद्धा भरलेला असतो, तेवढी नळी मग पाणी फिरवायला उपयोगाची राहत नाही.

लोक टीडीएसचं पेन बुडवून सांगतात पाणी चांगलंय का वाईट. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, वेगळा आणि हार्डनेस, म्हणजे जडपणा, वेगळा. पेनमध्ये मीठ पण मोजलं जातं, चुना किती ते त्यावरून कळत नाही. पिण्याच्या पाण्याला सरकारी मानकात हार्डनेस लिटरला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, दुसरं पाणीच नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घेतात. बोअर त्याच्या वर असेल तर सोलरला फक्त नळाचं पाणी जाईल अशी व्यवस्था करा.

आणि एक, टाकी धुवायला कुणी बाथरूमचं ॲसिड आणलं तर गच्चीवर चढू देऊ नका. आतली टाकी स्टीलची असते, त्या ॲसिडमधलं क्लोराईड स्टीलला बारीक बारीक भोकं पाडतं, आज टाकी चकचकीत दिसेल आणि नंतर गळायला लागेल. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, किंवा सल्फॅमिक ॲसिड कोमट पाण्यात घालून मुरवायचं, मग दोनदा स्वच्छ पाण्यानं काढायचं.

गच्चीवरचा_पाना

काकांचं क्षाराबद्दल सगळं बरोबर आहे पण मला एक गोष्ट खटकतेय. क्षार हळूहळू चढतो. मागच्या वर्षी थोडं कमी, यंदा अजून थोडं कमी असं व्हायला पाहिजे होतं. यांचं मागच्या हिवाळ्यात कढत आणि या हिवाळ्यात कोमट. मध्ये काहीतरी घडलंय. नळ्या पण वीसच्या वीस एकदम जात नाहीत, गारपीट झाली किंवा कुणी वरून काही पाडलं तर फुटतात आणि फुटलेली नळी लपत नाही, सगळं पाणी गच्चीवर येतं.

नळी चांगली का वाईट बघायला फिटर लागत नाही. या नळीला काचेचे दोन थर असतात, मधली हवा काढलेली असते, त्यामुळं आत पाणी उकळलं तरी बाहेरची काच फार तापत नाही. नळीच्या बंद टोकाला, म्हणजे खालच्या, आरशासारखा चकचकीत डाग असतो. मधे हवा शिरली की तो डाग पांढरा पडतो. टोकावर प्लास्टिकची टोपी असेल ती ओढून बघा. दुसरं, दुपारी बारा-एकला एकेक नळीला हात लावत जा, जी नळी बाहेरून इतरांपेक्षा गरम लागेल ती गेलेली, कारण तिची ऊब बाहेर पळतेय. हात जपून लावा, आणि वरच्या टोकाला टाकीपाशी नको.

आता माझे प्रश्न. एक, दक्षिणेला शेजाऱ्यांनी मजला चढवलाय का, किंवा नवीन टाकी उभी केलीय का? उन्हाळ्यात सूर्य आपल्या डोक्यावर असतो तेव्हा सावलीचं काही वाटत नाही. डिसेंबरात सोलापूरला भर बाराला सुद्धा सूर्य एकोणपन्नास-पन्नास अंशाच्या वर जात नाही, म्हणजे दहा फुटाची भिंत असेल तर तिची सावली बाराला पण साडेआठ-पावणेनऊ फूट पडते, नऊ वाजता तर विचारूच नका. दोन, मधल्या काळात घरात प्लंबिंगचं काही काम झालंय का, नवीन बाथरूम, मिक्सर, पंप, काहीही. तीन, सोलरच्या टाकीवर जो उभा पाईप असतो हवेचा, त्यातून पाणी पडतं का?

सैफुलकर

बापरे, बरंच आहे. आज रविवार होता म्हणून सगळं बघून आलो.

सावली नाही. दक्षिणेला रिकामा प्लॉट आहे, बाभळी आहेत पण लांब. नळ्यांच्या टोप्या काढल्या, दोन नळ्यांचा डाग पांढरा आहे, बाकी अठरा चकचकीत. त्याच दोन हाताला गरम लागल्या. म्हणजे फिटरचं वीसपैकी दोन बरोबर निघालं.

प्लंबिंग म्हणाल तर हो, एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर बाथरूम केलं, त्यात हँडशॉवरवालं मिक्सर आहे, एका दांडीचं. वरच्या बाथरूमला गच्ची जवळ म्हणून पाण्याला जोर नव्हता, मग वरच्या गार पाण्याच्या टाकीच्या आउटलेटला प्रेशर पंप लावला. हवेच्या पाईपमधून पाणी पडतंय, खाली गच्चीवर शेवाळाचा पट्टा झालाय. आम्ही समजत होतो पाणी उकळून येतं. आणि हो, पंप मधेच आपोआप चालू होतो, कुणी नळ सोडलेला नसताना. एकदा रात्रभर गुरगुरत होता, शेवटी वडिलांनी उठून बटण बंद केलं.

शेंगाचटणी

त्या हवेच्या पाईपला एंड कॅप लाव की मग, पंधरा रुपयाची. पाणी सांडायचं बंद.

गच्चीवरचा_पाना

नको!! सैफुलकर, हे अजिबात करू नका, आणि अजून कुणी वाचत असेल तर त्यांनीही नको. ही टाकी प्रेशरची नसते, आतला पत्रा पातळ असतो. तो पाईप उघडा असतो म्हणून टाकी श्वास घेते. बंद केला तर दुपारी पाणी उकळल्यावर वाफेला जायला जागा नाही, टाकी फुगणार, नळ्या सीलमधून उडणार. उलट वरची टाकी रिकामी असताना खाली कुणी गरम नळ सोडला तर आतली हवा ओढली जाऊन टाकी चेपते. चेपलेल्या टाक्या बघितल्यात मी, त्याला काहीच करता येत नाही, सरळ नवीन. आपल्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येणार, तोवर टाकी कधी रिकामी होईल सांगता येत नाही, त्यामुळं इथं तर जास्तच धोका.

शेंगाचटणी

बरं बरं, ओरडू नका मालक. मला काय माहीत.

गच्चीवरचा_पाना

आता मूळ विषय. तुमचं सोलर पाणी तापवतंय, मला जवळपास खात्री आहे. गरम पाण्यात कुठंतरी गार पाणी घुसतंय आणि ते घरात घुसतंय, गच्चीवर नाही.

कसं ते सांगतो. सोलरचं गरम पाणी फक्त उंचीच्या जोरावर खाली येतं. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत वीस फूट धरले तरी तो जोर जेमतेम ०.६ बार (बार म्हणजे दाबाचं माप) होतो, वरच्या बाथरूमला तर त्याच्या निम्मा पण नाही. गार लाईनला पंप लावलाय, तो दीड बारपर्यंत ढकलतो. एका दांडीच्या मिक्सरमध्ये गार आणि गरम दोन्ही लाईन एका डबीत येऊन भेटतात. आता हँडशॉवर तिथल्या तिथं अंगठ्यानं बंद केला आणि मिक्सरची दांडी मधेच उघडी ठेवली, पोरं हमखास असंच करतात, की बाहेर जायचा रस्ता बंद, आतला उघडा. जास्त जोराचं गार पाणी गरम पाईपमध्ये शिरतं आणि उलटं वर चढत सोलरच्या टाकीत जातं. टाकी भरली की हवेच्या पाईपमधून बाहेर. तो शेवाळाचा पट्टा तिथून आलाय. पंप आपोआप चालू होतो तो पण यानंच.

पंप बंद असला तरी थोडं मिसळत राहतं, कारण खाली कुणी गरम नळ सोडला की वरच्या मिक्सरमधून गार पाणी पण त्या लाईनीत ओढलं जातं. सकाळी वडील खाली अंघोळ करतात ना?

आणि उन्हाळ्यात का कळलं नाही, तर एप्रिल-मेमध्ये आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं गार पाणी पण अंगाला सोसत नाही. गरमात गरम मिसळलं तर कुणाला कळणार? थंडी पडल्यावर उघड झालं.

खात्री करायची असेल तर एक पैसा लागत नाही. गच्चीवर सोलरच्या गरम आउटलेटला कॉक असेल तो पूर्ण बंद करा. खाली येऊन स्वयंपाकघरातला किंवा खालच्या बाथरूमचा गरम नळ सोडा. पाईपमधलं थोडं पाणी येऊन नळ बंद पडायला पाहिजे. पाणी येतच राहिलं तर ते सोलरचं नाही, वरून तर बंद केलंय तुम्ही. म्हणजे गार लाईनीतून येतंय. मग एकेका बाथरूमचे अँगल कॉक, म्हणजे भिंतीपाशी लाईन बंद करायचे छोटे कॉक, बंद करत जा, ज्याचा कॉक बंद केल्यावर धार थांबेल तो गुन्हेगार.

होटगीरोडवाली

ही टेस्ट मी लिहून ठेवते. आमच्या सोसायटीत चौदा फ्लॅटला एकच मोठं सोलर आहे आणि दर हिवाळ्यात मीटिंगमध्ये भांडण, वरच्यांना गरम खालच्यांना गार. कुणाच्या तरी घरी मिक्सर उघडा असणार.

गच्चीवरचा_पाना

@होटगीरोडवाली चौदा फ्लॅट एका लाईनवर म्हणजे एकाच्या घरातला मिक्सर सगळ्यांचं पाणी गार करू शकतो. कपडे धुवायच्या मशिनला गार-गरम दोन्ही जोडलं असेल, भांडी घासायच्या सिंकला मिक्सर असेल, ते पण बघा. आणि शोधायला गेल्यावर कुणीच कबूल होणार नाही ते वेगळं.

बॉयलर_काका

पाना, तुमचं पटलं. बॉयलरला पण पाणी आत जाणाऱ्या लाईनीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा, असतोच, उलटं पाणी फिरलं तर घात होतो. पण मालक, त्या दोन नळ्या आणि तळाचा भुसा तरी बघाच, तो विषय संपलेला नाही.

सैफुलकर

आज ऑफिसातून लवकर आलो, उजेड होता तेवढ्यात केलं. वरचा कॉक बंद केला, खाली येऊन आईला म्हटलं गरम नळ सोड. आई म्हणाली येतंय की पाणी. मी म्हटलं थांब थोडं, बंद होईल. बंद कशाचं, धो धो चालू, आणि वर पंप गुरगुरायला लागला. पाच मिनिटं झाली तरी धार तीच. आई म्हणायला लागली अरे टाकीतलं पाणी संपवतोस का, नळ परवा येणार आहे.

मग वरच्या नवीन बाथरूमचा गार अँगल कॉक बंद केला. धार थांबली. हँडशॉवर बंद होता आणि मिक्सरची दांडी मधे होती, पोरगं सकाळी अंघोळ करून तसंच शाळेत गेलेलं. कॉक परत उघडून दांडी पूर्ण खाली करून बघितली तर अगदी बारीक धार तरीही खाली येत होती.

आता प्रश्न असा की कायमचं काय करायचं. पंप काढला तर वरच्या शॉवरला पाणी ठिबकतं, बायको ऐकणार नाही. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकला की झालं का?

गच्चीवरचा_पाना

दांडी खाली करूनही बारीक येतंय म्हणजे मिक्सरचं आतलं कार्ट्रिज पण गेलंय. आपल्या पाण्यात क्षाराचे कण अडकून त्याची चकती चरते. ते पूर्ण मिक्सर न बदलता नुसतं मिळतं, जुनं काढून दुकानात घेऊन जा, मापाचं घ्यायला.

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाका, पण कुठला ते बघा. दुकानात गेलात की स्प्रिंगवाला देतात, तो स्वस्त आणि कसाही बसतो. स्प्रिंग उघडायलाच थोडा जोर लागतो आणि तुमच्या वरच्या बाथरूमला गरम पाण्याचा जोरच नाही, मग गरम पाणी थेंब थेंब येईल आणि तुम्ही परत इथं याल. आतमध्ये लोंबती झडप असते तो पितळी घ्या, आडव्या पाईपमध्ये बसवा, अंगावर बाण असतो तो मिक्सरच्या दिशेला. वरच्या बाथरूमच्या गरम लाईनीत, मिक्सरच्या अलीकडं.

त्यानं उलटं पाणी थांबेल, सोलर वाचेल. पण खरं सांगायचं तर त्या वरच्या शॉवरला गरम पाणी तरीही नीट मिळणार नाही. गार दीड बारनं येतंय, गरम पाव बारनं, दोघांना एका डबीत सोडलं तर गार गरमला दाबूनच टाकणार. गार अँगल कॉक अगदी थोडा उघडा ठेवून बॅलन्स करता येतं, रोज जरा मागंपुढं करावं लागतं. नाहीतर गरम लाईनीला पण गरम पाण्याला चालणारा छोटा पंप, सोलरच्या आउटलेटनंतर. सोलरच्या आधी नाही, हे नीट ऐका. सोलरला गार पाणी जाणारा टी, म्हणजे पाईपचा फाटा, पंपाच्या अलीकडं आहे ना? पंपानंतर असेल तर टाकीवरच प्रेशर यायलंय आणि ते आजच बदला.

माझं मत विचाराल तर वरच्या बाथरूममध्ये मिक्सर ठेवूच नका. दोन साधे नळ आणि बादली. पण बायको ऐकणार नाही हे तुम्ही आधीच लिहिलंय.

सैफुलकर

टी पंपाच्या अलीकडं आहे, बघून आलो. पंप फक्त वरच्या बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या गार लाईनला आहे.

सध्या गार अँगल कॉक बंद ठेवलाय, पोराला सांगितलंय अंघोळ झाली की दांडी खाली. आज सकाळी वडील अंघोळीहून आले आणि काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात याचा अर्थ पाणी गरम होतं.

दोन नळ्या स्वतः बदलता येतील का? की त्याच फिटरला बोलवू?

बॉयलर_काका

बदलता येतात, हाताची कामं आहेत, पण वेळ चुकवू नका. भर उन्हात रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं की काच तडकते, रिकामी नळी आतून दोनशे डिग्रीच्या आसपास जाते. सूर्य उगवायच्या आधी करा. नाहीतर आदल्या संध्याकाळी नळ्यांवर चादर टाकून ठेवा, सोलापुरात चादरीला काय तोटा. हाच नियम वरची टाकी रिकामी पडली आणि चौथ्या दिवशी दुपारी नळ आला तेव्हा पण. आधी सोलरचा गार कॉक बंद, रात्री उघडायचा.

सोलरची टाकी रिकामी करा. नळीच्या तोंडाशी रबरी रिंग असते ती ओली करा, साबणाचं पाणी लावा, तेल लावू नका, तेलानं रबर फुगतं. नळी गोल फिरवत वर टाकीत सरकवायची, मग खालचं टोक स्टँडमधून सुटेल, मग फिरवत खाली ओढायची. नवीन घालताना उलट. जोर लावून तिरकी करू नका. हातात जाड मोजे, पायात चप्पल पाहिजेच. नळीचं माप घेऊन जा, लांबी आणि जाडी दोन्ही, जास्त करून १८०० मिलिमीटर लांब आणि ५८ जाड असते, पण ४७ ची पण येते आणि ती तुमच्या रिंगमध्ये बसणार नाही. रबरी रिंगा पण नवीन घ्या, सात वर्षांत कडक झाल्या असतील. आणि दुसऱ्या एका चांगल्या नळीला पण काढून उलटी करून बघा, भुसा किती निघतो.

टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, स्टीलच्या ऐवजी ती झिजते. टाकी रिकामी केलीच आहे तर तीही बघून घ्या, जड पाण्यात वर्ष-दोन वर्षांत संपते. तुमची तर सात वर्षं कुणी बघितलीच नसेल.

सैफुलकर

कांडी असते हेच आज कळलं. शनिवारी रात्री चादर टाकतो, रविवारी पहाटे मेहुणा आणि मी.

बाळेकर

चांगला धागा. माझं पण सोलर गरम करत नाही, पण ते नळ्यांचं नाही, काळी चपटी काच असते ना तसलं, वडिलांनी फार पूर्वी बसवलेलं. पंप नाही, मिक्सर नाही. टाकी गरम होतच नाही, काचेखालचा पत्रा मात्र हात लावला तर भाजतो.

गच्चीवरचा_पाना

पत्रा भाजतोय आणि टाकी गार म्हणजे मधलं पाणी फिरत नाही. एकतर पॅनेल आणि टाकीच्या मधल्या पाईपमध्ये हवा धरलीय, टाकी रिकामी झाल्यावर असं होतं. पॅनेलच्या खालच्या ड्रेनचा कॉक पहाटे उघडून बुडबुडे येऊन सलग धार लागेपर्यंत पाणी सोडा. त्यानं फरक पडला नाही तर आतल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षारानं भरल्यात, चपट्या पॅनेलला जड पाणी नळ्यांवाल्यापेक्षा लवकर मारतं, काका सांगतील. वेगळा धागा काढा आणि फोटो टाका, इथं गोंधळ होईल.